शर्यत संपल्यानंतर

'दत्तक' या शब्दाला आपल्या भागात फार जुने वजन आहे. १८२४ साली कित्तूरच्या देसाई घराण्याने घेतलेला दत्तक इंग्रज सरकारने मानला नाही. राणी चन्नम्मांनी तो आग्रह सोडला नाही आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यापुढे मारला गेला. ही गोष्ट आपल्याकडची मुले मराठी शाळेत शिकोत की कानडी, दोन्हीकडे ऐकतात. पुढे डलहौसीच्या कारकिर्दीत १८४८ मध्ये सातारा, १८५४ मध्ये नागपूर आणि झाशी, अशी संस्थाने दत्तक नामंजूर करून खालसा झाली. इतिहास शिकवताना या प्रकरणाशी आलो की मी मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. खुद्द इंग्लंडच्या कायद्यात मूल दत्तक घेण्याची सोयच नव्हती. तिथे असा पहिला कायदा झाला तो १९२६ साली. म्हणजे ज्यांच्या घरच्या कायद्याला दत्तक ठाऊक नव्हता, ते आपल्या राजेरजवाड्यांचे दत्तक खरे की खोटे याचा निवाडा शंभर वर्षे करीत होते.

त्याच १९२६ साली इंग्लंडात आणखी एक गोष्ट घडली. २४ जुलै रोजी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे ग्रेहाउंड कुत्र्यांची शर्यत लागली. या दोन घटनांचा त्या वेळी एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण पुढे अर्धे शतक लोटल्यावर त्याच शर्यतीतून निवृत्त झालेली कुत्री लोकांनी 'दत्तक' घ्यावीत यासाठी इंग्लंडात संस्था उभ्या राहिल्या, अर्ज आले, घरांची पाहणी आली, करारपत्रे आली. कुत्र्याच्या बाबतीत हा शब्द ऐकून आपल्यातल्या काही ज्येष्ठांना हसू येईल. मलाही प्रथम आले होते. पण त्यामागचा इतिहास पाहिला तर हसू ओठांवरच राहते.

आरंभ मात्र इंग्लंडपासून करता येत नाही. बेवारस कुत्र्यांवरून पहिला मोठा गलबला झाला तो आपल्या मुंबईत. १८३२ च्या उन्हाळ्यात मुंबई सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम अंमलात आणला. मारलेल्या कुत्र्यामागे इनाम होते, आणि इनाम आले की माणसाचा हात सुटतो. कुत्री पकडणारे लोक घरांच्या पायऱ्यांवरची, मालकांची कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. अंत्यविधीत मृताला कुत्र्याचे दर्शन घडवण्याची त्यांची रीत प्रसिद्धच आहे. जून महिन्यात कोटातल्या पारशांनी दुकाने बंद ठेवली, गोऱ्या पलटणीची रसद अडवली आणि दंगा उसळला. तो मोडून काढला गेला खरा, पण पाठोपाठ १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ सुरू झाली. तिथे थकलेल्या गाईबैलांबरोबर कुत्र्यांनाही आसरा होता. लंडनमध्ये कुत्र्यांसाठी पहिला आसरा निघाला त्याच्या सव्वीस वर्षे आधीची ही गोष्ट. भूतदया आपण साहेबाकडून शिकलो असे मानणाऱ्यांनी हे साल वहीत टिपून ठेवावे. मात्र पांजरपोळीत आलेले जनावर बहुधा तिथेच मरेपर्यंत राहायचे. त्याला दुसरे घर शोधून देण्याची कल्पना त्यात नव्हती. ती कल्पना तिकडची.

लंडनमध्ये मेरी टील्बी नावाच्या बाईंनी १८६० च्या ऑक्टोबरात हॉलोवे भागात एका तबेल्यात 'हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर' उघडले. बाई नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या, वय उतरणीला लागलेले, पाठीशी धर्मोपदेशक असलेला भाऊ आणि चार मैत्रिणी. ज्या शहरात माणसांची पोरे रस्त्यावर उपाशी निजत होती तिथे कुत्र्यांसाठी घर काढणे म्हणजे वेडाचा झटका, अशी टिंगल 'टाइम्स'सारख्या वजनदार पत्राने केली. टीका अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. पण चार्ल्स डिकन्स ज्याचे संपादक होते त्या साप्ताहिकात १८६२ साली या घरावर एक लेख आला आणि वारे फिरले. लेखात शेजारीशेजारी दोन चित्रे होती : एकीकडे उंची जातिवंत कुत्र्यांचे प्रदर्शन, दुसरीकडे हॉलोवेच्या तबेल्यातली हाडे निघालेली कुत्री. टील्बीबाई १८६५ साली वारल्या. १८७१ मध्ये ते घर बॅटर्सीला हलले आणि आज त्याच नावाने जगप्रसिद्ध आहे.

या घराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण गौरवग्रंथांत ती चटकन झाकली जाते. १८६७ च्या कायद्याने पोलिसांना मोकाट कुत्री पकडण्याचा अधिकार दिला आणि पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने हजारो कुत्री बॅटर्सीत येऊन पडू लागली. काही दिवस मालकाची वाट पाहायची, मग विकता आले तर विकायचे, नाहीतर मारायचे. १८८४ पासून मारण्यासाठी तिथे क्लोरोफॉर्मची खास कोठडी होती. आसरा आणि वधशाळा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. घरे कमी आणि कुत्री जास्त, हे गणित दयेने सुटत नाही. पुढच्या साऱ्या इतिहासात तेच पुन्हा पुन्हा आडवे येते.

मघाशी जातिवंत कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा उल्लेख केला. तो काळ जातींच्या वेडाचा होता. १८५९ मध्ये न्यूकॅसलला पहिले मोठे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला, वंशावळींच्या वह्या निघाल्या. ज्या कुत्र्याची ओळख 'हा मेंढ्या राखतो', 'हा घुशी मारतो' अशी कामावरून होती, ती आता कानाची लांबी आणि शेपटीचा बाक यांवरून ठरू लागली. जातीला बाजारभाव आला आणि बाजार म्हटला की लाटा आल्याच. विसाव्या शतकात एका रंगाच्या कंपनीच्या जाहिरातीत झुपकेदार केसांचा मेंढपाळी कुत्रा झळकला की घरोघर तोच हवा, १९९६ साली ठिपकेवाल्या डाल्मेशियनांचा सिनेमा आला की तोच हवा. वर्षभरात पिल्लू वाढले, केस विंचरताना हात दुखले, गालिचा फाटला की नको. या 'नको' झालेल्यांसाठी त्या त्या जातीच्या चाहत्यांनीच आपापली मंडळे काढली. त्यांचे म्हणणे सरळ होते : आमच्या जातीचा स्वभाव आम्हाला ठाऊक, तेव्हा कोणत्या घरात तो नांदेल हे आम्हीच चांगले ठरवू. इंग्लंडच्या केनेल क्लबकडे अशा जातवार मंडळांची यादीच असते. या मंडळांमध्ये सर्वांत मोठे काम ग्रेहाउंडांसाठी झाले, आणि त्याचे कारण हौशी मालकांचा चंचलपणा हे नाही. त्याचे कारण एक अख्खा धंदा आहे.

ग्रेहाउंड हा नाकाने नव्हे, डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा. लांब मान, खोल छाती, पोट पाठीला लागलेले, मांड्या मात्र घोड्यासारख्या. भरधाव धावताना एका ढांगेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात. ताशी साठ किलोमीटरच्या पुढे तो सहज जातो. शतकानुशतके तो इंग्लंडातल्या जमीनदारांचा कुत्रा होता. दोन कुत्री एका जिवंत सशामागे सोडायची आणि त्यांच्या धावेला गुण द्यायचे, हा त्यांचा खेळ. त्यातली प्रसिद्ध स्पर्धा वॉटर्लू कप, १८३६ पासून चाललेली. आयर्लंडच्या मास्टर मॅकग्राथ नावाच्या कुत्र्याने ती १८६८, १८६९ आणि १८७१ अशी तीनदा जिंकली तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरियाच्या भेटीला नेण्यात आले होते. (आपल्याकडे त्या काळी राणीची भेट मिळावी म्हणून किती संस्थानिक ताटकळत होते!) शिकारबंदीच्या कायद्याने हा खेळ २००५ मध्ये कायमचा बंद झाला.

पण सामान्य माणसाचा खेळ आला अमेरिकेतून. ओवेन स्मिथ नावाच्या गृहस्थाने जिवंत सशाऐवजी रुळावर पळणारा यांत्रिक ससा बनवला आणि १९१९ साली कॅलिफोर्नियात एमरीव्हिल इथे त्यावर पहिला ट्रॅक बांधला. तोच ससा सात वर्षांनी मँचेस्टरला पोचला. पहिल्या रात्री प्रेक्षक आले सतराशेच्या आसपास. ४४० यार्डांची पहिली शर्यत मिस्ली नावाच्या कुत्र्याने पंचवीस सेकंदांत जिंकली. पुढच्या काही आठवड्यांत हजारोंची रीघ लागली आणि १९२७ मध्ये लंडनचे व्हाइट सिटी मैदान खुले झाले. कारण उघड आहे. घोड्यांच्या शर्यती दिवसा, शहरापासून दूर, साहेबलोकांच्या. कुत्र्यांच्या शर्यती रात्री, दिव्यांच्या झगमगाटात, गिरणीपासून ट्रामने दहा मिनिटांवर. १९२६ चा सार्वत्रिक संप फसून नुकतेच दोन महिने झाले होते. खिशात चार शिलिंग असलेल्या कामगाराला बायकोला घेऊन जाता येईल आणि एखादे शिलिंग लावता येईल अशी ही एकच जागा होती. पाद्री आणि पुढारी दोघेही जुगाराच्या नावाने ओरडले. त्यांचे कोणी ऐकले नाही.

मिक द मिलर या आयरिश कुत्र्याची कहाणी मोहवणारी आहे. एका खेडेगावच्या धर्मगुरूने त्याला पाळला. इंग्लंडची डर्बी त्याने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ जिंकली, ओळीने एकोणीस शर्यती मारल्या, पुढे तो एका चित्रपटातही चमकला. १९३९ मध्ये तो मेल्यावर त्याचे शरीर पेंढा भरून ठेवण्यात आले. ट्रिंग गावच्या निसर्गसंग्रहालयात ते पाहायला मिळते. यशस्वी खेळाडूचे असे कोडकौतुक सगळ्याच देशांत होते. प्रश्न होता तो मिकबरोबर धावलेल्या बाकीच्या पाच कुत्र्यांचा.

हे गणित एकदा मांडून पाहू. ग्रेहाउंड साधारण सव्वा वर्षाचा झाला की धावू लागतो. चार-पाच वर्षांचा झाला, किंवा मधेच मनगट मोडले, की त्याचे काम संपते. आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांचे. म्हणजे जितकी वर्षे ट्रॅकवर, त्याच्या दुपटीहून अधिक ट्रॅकनंतर. इंग्लंडात प्रत्येक शर्यतीत सहा कुत्री धावतात : तांबडी, निळी, पांढरी, काळी, नारिंगी आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, अशी ठरलेल्या रंगांची झूल घालून. असे ट्रॅक अनेक, रात्री अनेक, आणि जागा भरायला दरवर्षी हजारो नवी कुत्री. त्यांतली पाचात चार आयर्लंडमधून येतात. जितकी येतात तितकीच दरवर्षी बाहेर पडणार. ती जातात कुठे? पहिली तीस वर्षे हा प्रश्न फारसा कोणी मोठ्याने विचारलाच नाही. दयाळू मालक असला तर कुत्रे त्याच्या अंगणात म्हातारे व्हायचे, नाहीतर पशुवैद्याची सुई, आणि तेही महाग वाटले तर त्याहून स्वस्त उपाय.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. थकलेल्या बैलाला बाजार दाखवायचा की दावणीलाच ठेवून चारा घालायचा, यावरून घराघरांत भांडणे झालेली मी पाहिली आहेत. फरक एवढाच की शेतकऱ्याचा बैल त्याच्या डोळ्यांसमोर म्हातारा होतो. ट्रॅकवरचा कुत्रा मालकाच्या घरी नसतोच. तो प्रशिक्षकाच्या कोठ्यात असतो. मालक त्याला पाहतो ते झूल घातलेला, आणि हरू लागला की पाहायचे सोडतो.

१९५० च्या दशकापासून काही इंग्रज बायकांनी अशी कुत्री हाती धरून ओळखीपाळखीच्या घरांत देण्यास सुरुवात केली. ती धडपड वाढत जाऊन १९७० च्या दशकाच्या मध्यास शर्यतींच्या नियामक मंडळाच्याच आश्रयाने निवृत्त ग्रेहाउंडांसाठी एक विश्वस्त निधी स्थापन झाला. आज तो ग्रेहाउंड ट्रस्ट या नावाने ओळखला जातो. गावोगाव त्याच्या शाखा, आणि शाखा चालवणारे बहुतेक स्वयंसेवक. अमेरिकेत १९८० च्या दशकात अशाच संस्था निघाल्या. इकडे धंदा मात्र उतरणीला लागला होता. १९६० च्या कायद्याने पैजेची दुकाने रस्तोरस्ती उघडायला परवानगी दिली आणि मैदानावर जाण्याची गरजच संपली. व्हाइट सिटी १९८४ मध्ये बंद पडले, वॉल्थमस्टो २००८ मध्ये, विम्बल्डन २०१७ मध्ये. जिथे सगळे सुरू झाले ते बेल व्ह्यूसुद्धा २०२० मध्ये थांबले.

२००६ च्या जुलैत मात्र असे काही बाहेर आले की तोवरचे सारे समाधान गळून पडले. ईशान्य इंग्लंडात सीहम गावच्या एका माणसाने आपल्या आवारात पंधरा वर्षांच्या काळात सुमारे दहा हजार ग्रेहाउंड मारून पुरल्याचे 'संडे टाइम्स'ने छापले. दर कुत्र्यामागे दहा पौंड. कुत्री आणून देणारे प्रशिक्षक नेमाने यायचे. खटला झाला तो परवान्याशिवाय कचरा पुरल्याबद्दल, आणि शिक्षा झाली ती दंडाची. कारण स्वतःच्या किंवा मालकाने सोपवलेल्या कुत्र्याला झटक्यात मारणे त्या वेळच्या कायद्याने गुन्हाच ठरत नव्हते. हे वाचून मी बराच वेळ कागद बाजूला ठेवला होता. राणीला भेटणारा कुत्रा आणि कचऱ्याच्या कलमाखाली मोजलेला कुत्रा, दोघे एकाच जातीचे, आणि मधे पुरते दीडशे वर्षांचेही अंतर नाही.

त्यानंतर चौकश्या बसल्या. २००७ मध्ये संसद सदस्यांच्या एका गटाने हिशेब मांडला की दरवर्षी साडेचार हजारांहून अधिक ग्रेहाउंडांचे पुढे काय होते याचा पत्ताच लागत नाही. त्याच वर्षी लॉर्ड डॉनह्यू यांचा अहवाल आला, २००९ मध्ये नवे नियामक मंडळ आले, २०१० मध्ये इंग्लंडात शर्यतीच्या कुत्र्यांसाठी नियम आले. प्रत्येक ट्रॅकवर पशुवैद्य, प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीची चिप. पण माझ्या मते खरा बदल २०२० चा. त्या वर्षीपासून कुत्र्याची नोंदणी करतानाच चारशे पौंडांची अनामत ठेवावी लागू लागली, अर्धी मालकाची आणि अर्धी मंडळाची. कुत्रा निवृत्त होऊन मान्यताप्राप्त संस्थेत गेला की ती रक्कम त्या संस्थेला मिळते. म्हणजे म्हातारपणाचा खर्च तारुण्यातच कापून ठेवायचा. आपल्या नोकरदारांना प्रॉव्हिडंट फंडाची गंमत सांगायला नको. उपचार परवडत नाही म्हणून मारलेल्या कुत्र्यांची संख्या २०१८ मध्ये मंडळाच्याच आकड्यांनुसार १७५ होती. चार-पाच वर्षांत ती एका अंकावर आली. दयेचे आवाहन जे सत्तर वर्षांत करू शकले नाही ते एका पावतीने केले.

प्रत्यक्ष कुत्रा घरात आणण्याची रीत आता सांगतो, कारण आपल्या वाचकांना तीच जास्त नवलाची वाटेल. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त लेस्टरला असतो. त्याने चार वर्षांपूर्वी असा ग्रेहाउंड घेतला. त्याच्या पत्रांतून मला बरेच कळले. आधी अर्ज : घरात किती माणसे, मुले किती वयाची, मांजर आहे का, कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील, अंगणाची भिंत किती उंच. मग संस्थेची एक बाई घर पाहायला आली. तिने फाटकाची कडी हलवून पाहिली, जिना पाहिला, शेजाऱ्याचे मांजर कुठून येते ते विचारले. 'सर, मुलगी दाखवायच्या वेळीसुद्धा एवढी चौकशी झाली नव्हती,' असे त्याने लिहिले. कुत्रा निवडण्यातही त्याचे फारसे चालले नाही. तुमच्या घराला हा शोभेल, असे संस्थाच सुचवते. देण्यापूर्वी कुत्र्याची नसबंदी, लसी, दातांची सफाई झालेली असते. शेवटी करार : कधीही, कोणत्याही कारणाने सांभाळणे जमेनासे झाले तर कुत्रा दुसऱ्या कोणाला न देता आमच्याकडेच परत आणायचा.

त्याच्याकडे आलेला कुत्रा पाच वर्षांचा, काळ्या रंगाचा, दोन्ही कानांत गोंदलेली अक्षरे. दोन्ही कानांत गोंदण म्हणजे जन्म आयर्लंडचा. साऱ्या आयुष्यात तो कोठ्यात राहिलेला, सोबतीला फक्त ग्रेहाउंड. जिना म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशी पायथ्याशी उभा राहून तो थरथरत होता. काचेच्या दारावर आपटू नये म्हणून काचेला कागद चिकटवावे लागले. धुण्याचे यंत्र सुरू झाले की तो टेबलाखाली. जगातली इतर कुत्रीही ग्रेहाउंडसारखी नसतात हे त्याला नव्याने शिकावे लागले. रस्त्यावर एक केसाळ, आखूड पायांचे कुत्रे पाहून तो हे जनावर कोणते म्हणून गोंधळून उभाच राहिला. अंगावर चरबी नाही, केस आखूड, म्हणून थंडीत त्याला कोट लागतो. भूल देतानाही पशुवैद्याला विशेष काळजी घ्यावी लागते. सुरुवातीचे कितीतरी दिवस बाहेर नेताना तोंडाला मुसके, कारण लहान प्राणी धावताना दिसला की चार वर्षांची शिकवण एका क्षणात पायांत येते. आणि एवढा वेगवान प्राणी घरात करतो काय? झोपतो. दिवसाचे सोळा-अठरा तास, सोफ्यावर, चारही पाय वर करून. दोन वेळा वीस-वीस मिनिटे फिरवले की तो तृप्त.

त्याची आई खानापूरहून तिकडे सहा महिने राहायला गेल्या होत्या. दारात पाऊल ठेवताच बरगड्या निघालेले ते कुत्रे पाहून त्या म्हणाल्या, "काय रे हे, उपाशी ठेवतोस काय ह्याला?" तज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या वजनाचे गणित त्यांना पटले नाही. त्या असेपर्यंत ताकभात रोज गुपचूप दिला जात होता, आणि वजन का वाढते ते पशुवैद्याला कळत नव्हते.

या साऱ्या चळवळीत एक मोठा वाद आहे आणि तो मिटलेला नाही. घरे शोधून देणाऱ्या संस्थांनी शर्यतीच्या धंद्याकडून पैसे घ्यावेत का? एक पक्ष म्हणतो, ज्याने कुत्रा वापरला त्यानेच त्याची सोय करावी, यात गैर काय? दुसरा म्हणतो, मागच्या दाराने तुम्ही कुत्री उचलून नेता म्हणून तर पुढचे दार स्वच्छ दिसते. शर्यत चालू राहण्याला तुमच्या दयेचाच टेकू आहे. २०२२ मध्ये इंग्लंडातल्या मोठ्या तीन प्राणिसंस्थांनी एकत्र येऊन शर्यतीच हळूहळू बंद कराव्यात अशी मागणी केली. फ्लोरिडा राज्यात २०१८ सालीच शेकडा ६९ मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला होता. तेव्हा अमेरिकेत उरलेल्या सतरा ट्रॅकपैकी अकरा त्या एकाच राज्यात होते. २०२० अखेर ते थांबले, हजारो कुत्री घरोघर गेली, आणि मग चमत्कार झाला : कुत्र्यांऐवजी आता माणसांची रांग लागली आणि ग्रेहाउंड मिळेनासे झाले. वेल्सच्या सरकारनेही २०२५ च्या फेब्रुवारीत बंदीचा इरादा जाहीर केला. मला स्वतःला दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद बळकट वाटतो. पण आज संध्याकाळी कोठ्यातून बाहेर काढलेल्या कुत्र्याला तो युक्तिवाद सांगून भागत नाही, त्याला रात्री निजायला जागा लागते, हे पहिल्या पक्षाचे म्हणणेही मला खोडता येत नाही.

आपल्या घरच्या वेगवान कुत्र्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. बेळगावाहून पूर्वेला मुधोळ. तिथल्या घोरपडे संस्थानिकांचे घराणे मराठी, प्रजा बहुतांश कानडी. बेरड शिकाऱ्यांजवळची सडसडीत कुत्री पाहून राजे मालोजीराव घोरपड्यांनी त्यांची जोपासना केली असे सांगतात. तिचेच नाव मुधोळ हाउंड. ग्रेहाउंडाचाच हा नातलग म्हणावा : तीच लांब मान, तीच खोल छाती, तीच डोळ्यांनी शिकार. महाराष्ट्रात याच धर्तीच्या कुत्र्याला कारवान म्हणतात, मुधोळकडे साधे 'बेटे नायी', म्हणजे शिकारी कुत्रा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली आणि या कुत्र्याचे मूळ कामही संपले. तेव्हा तो शेत आणि मळा राखू लागला. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत तो होता. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे, आणि २०१६ मध्ये त्याची पिल्ले मेरठला लष्कराच्या प्रशिक्षणासाठी गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात देशी कुत्र्यांत त्याचे नाव घेतले आणि मागणी एकदम वाढली. आता पुण्यामुंबईचे लोक फ्लॅटमध्ये ठेवण्यासाठी मुधोळचे पिल्लू मागतात.

रंगाच्या जाहिरातीतल्या त्या झुपकेदार कुत्र्याची हकीगत वर आलीच आहे. लाट चढत असताना पिल्लांची गणती सगळेच ठेवतात. ज्यांचे वर्षभरात जमणार नाही त्या घरांतली मुधोळ कुत्री परत घेण्याची वही कोणी घालायची, तिम्मापूरच्या केंद्राने, पिल्ले विकून दोन पैसे मिळवणाऱ्या शेतकऱ्याने की घेणाऱ्याने, याची बोलणी आत्ताच, लाट उतरण्याआधी व्हायला हवीत. चारशे पौंडांची पावती लिहायला इंग्रजांना बेल व्ह्यूच्या त्या रात्रीपासून चौऱ्याण्णव वर्षे लागली.